वहिवाटीचा हक्क

इसवी सन २०११ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या अवघ्या सहा महिन्यांत जगातील चार प्रमुख संगणक-प्रणालींनी, परस्परांशी मसलत केल्याचा कोणताही पुरावा नसताना, जवळजवळ एकच निर्णय जाहीर केला. ६ एप्रिल रोजी लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या ‘ग्नोम’ या दर्शनी प्रणालीची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस, लिनक्सवरच आधारलेल्या उबुंटू या प्रणालीने ‘युनिटी’ नावाचा आपला स्वतंत्र दर्शनी भाग सर्व वापरकर्त्यांपुढे ठेवला. २० जुलैला ॲपलने मॅकिंटॉशसाठी ‘लायन’ ही आवृत्ती विक्रीस काढली. आणि सप्टेंबरच्या मध्यास मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ८’ चे प्राथमिक रूप प्रोग्रॅमर मंडळींच्या हाती दिले. या चौघींचे रंगरूप वेगळे, मालक वेगळे, आणि त्यांच्यामागचे अर्थकारण तर काही ठिकाणी अगदी परस्परविरुद्ध. तरीही टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढून शक्य तितक्या वस्तू काढून टाकाव्यात, आणि जे उरेल ते मोठे, मोकळे व मोजके असावे, यावर चौघींचेही एकमत झालेले होते. याचे नाव त्यांनी सुलभीकरण असे ठेवले. गेली कित्येक वर्षे ज्यांची उपजीविका संगणकावर चालते अशा असंख्य माणसांच्या मनात जी एक अस्वस्थता, आणि पुष्कळदा जो उघड संताप, साचत आलेला आहे, त्याचे मूळ या सहा महिन्यांत सापडते.

या एकमताचे कारण शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत ‘आयपॅड’ विक्रीस आला, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी संगणकास हात लावला नव्हता तोही त्या काचेच्या पाटीवर बोट ठेवून काही क्षणांत वर्तमानपत्र वाचू लागला. हे यश खरे होते व मोठेही होते. परंतु त्यापासून संगणक घडवणाऱ्या धुरीणांनी जो बोध घेतला तो असा की, वाचनासाठी व मनोरंजनासाठी जी साधी रचना यशस्वी ठरली तीच लेखन, हिशेब, आरेखन, अक्षरजुळणी आणि दप्तर सांभाळणे या कामांसाठीही उपयोगी पडेल. आणि येथेच, माझ्या मते, त्यांची मोठी चूक झाली.

प्रत्यक्षात काय काढून टाकले गेले ते तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण या वादात मोघम बोलणाऱ्यांचीच संख्या अधिक आहे. ‘ग्नोम ३’ मध्ये खिडकी लहान करण्याची व मोठी करण्याची अशी दोन्ही बटणे नाहीशी झाली, उघड्या खिडक्यांची यादी दाखवणारी पट्टी गेली, मुख्य पडद्यावर फाइली ठेवण्याची सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. आणि संगणक पूर्णपणे बंद करण्याचा पर्याय, कळफलकावरील ‘ऑल्ट’ ही कळ दाबून धरल्याखेरीज, दिसेनासा झाला. ‘युनिटी’ने प्रोग्रॅमची पट्टी पडद्याच्या डाव्या बाजूस कायमची बसवली, ती तेथून हलवण्याची परवानगी पुढे २०१६ सालापर्यंत कोणास मिळाली नाही, आणि मेनूतील शब्द माउस तेथे नेल्याशिवाय दिसू नयेत अशी व्यवस्था केली. ‘लायन’ने सरकपट्ट्या अदृश्य केल्या, वापरकर्त्याच्या स्वतःच्याच ‘लायब्ररी’ फोल्डरवर पडदा टाकला आणि स्वतःच्या अनेक प्रोग्रॅममधून ‘सेव्ह ॲज’ ही आज्ञा काढून घेतली. एक मसुदा उघडून, त्यात फेरफार करून, तो दुसऱ्या नावाने जतन करणे हे ज्यांच्या रोजच्या कामाचे अंग आहे त्या लेखकांना, वकिलांना व कारकुनांना याची झळ किती लागली असेल याची कल्पना करता येते; पुढील वर्षीच्या आवृत्तीत ती आज्ञा परत आली खरी, पण ‘ऑप्शन’ कळ दाबली तरच दिसेल अशा आडजागी.

आता विंडोजकडे वळावयास हवे, कारण महाराष्ट्रातील वाचकांचा संबंध मुख्यतः तिच्याशीच आला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ बाजारात आली तेव्हा पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असा शब्द लिहिलेले एक बटण प्रथम अवतरले. ते तेथे का आले याची हकिकत बोधप्रद आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभिकल्पकांनी सामान्य माणसांना संगणकापुढे बसवून त्यांचे निरीक्षण केले, तेव्हा आरंभ कोठून करावा हेच पुष्कळांना उमगत नाही असे आढळून आले. सबब, आरंभाची जागा शब्दांत लिहून दाखवण्यात आली. हे खरेखुरे सुलभीकरण होते. त्याने काही लपवले नाही. उलट आधी अनेक ठिकाणी विखुरलेल्या गोष्टी एका ठिकाणी, एका नावाखाली, क्रमाने मांडल्या. नवशिक्याला तेथे दरवाजा मिळाला, आणि जाणत्याचे काही काढून घेतले गेले नाही.

त्या बटणाने आपल्याकडे एका संपूर्ण पिढीला संगणक शिकवला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने या शतकाच्या प्रारंभी एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम सुरू केला, शासकीय नोकरीसाठी त्याची अट घालण्यात आली, आणि तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतील एखाद्या माडीवर मांडलेल्या चार-सहा संगणकांपुढे बसून लक्षावधी शिक्षकांनी, तलाठ्यांनी, लिपिकांनी व नोकरीच्छुक तरुणांनी ‘स्टार्ट’पासून आरंभ करून फाइल, फोल्डर, जतन करणे, शोधणे, छापणे हे धडे गिरवले. यांतील कित्येकांचे इंग्रजी बेताचे होते. परंतु कोणती वस्तू कोणत्या जागी असते ही स्थलस्मृती इतकी पक्की झाली होती की शब्द न वाचताही हात आपोआप योग्य ठिकाणी जात असे. असे ज्ञान परीक्षेच्या गुणपत्रिकेत उमटत नाही, पण दप्तराचे काम त्याच्याच बळावर चालते.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ विक्रीस आली आणि ते बटण नाहीसे झाले. संगणक बंद करावयाचा तर माउस पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात न्यावा, तेथे एक पट्टी सरकत बाहेर येईल, तीतून ‘सेटिंग्ज’ निवडावे, त्यातून ‘पॉवर’ आणि मग ‘शट डाउन’: अशी ही नवी रीत होती, आणि त्या कोपऱ्यात काही आहे याची खूण सांगणारे एकही अक्षर अगर चिन्ह पडद्यावर नव्हते. उपयोगसुलभतेच्या क्षेत्रातील जाणते अभ्यासक जेकब नील्सन यांनी संगणकाचा चांगला सराव असलेल्या १२ जणांना या प्रणालीपुढे बसवून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपला अभिप्राय प्रसिद्ध केला. ती नवशिक्यांच्याही सोयीची नाही आणि जाणत्यांच्याही नाही, असा तो होता. नव्या पद्धतीचे प्रोग्रॅम सगळा पडदा व्यापून बसत असल्याने अनेक खिडक्या शेजारीशेजारी उघडून काम करण्याची जी सोय या प्रणालीच्या नावातच अंतर्भूत होती ती मुख्य पडद्यावर जवळपास लोप पावली, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

निर्मात्यांनी हा निर्णय लहर म्हणून घेतला नव्हता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. वापराची माहिती पाठवण्यास ज्यांनी स्वेच्छेने संमती दिली होती अशा लोकांच्या संगणकांतून त्यांनी प्रचंड आकडेवारी जमवली होती, आणि लोक नेहमीचे प्रोग्रॅम तळपट्टीवर बसवून घेऊ लागल्यामुळे ‘स्टार्ट’ मेनूचा वापर घटत चालल्याचे तीत दिसत होते. पण या आकड्यांवरून काढलेले अनुमान सदोष होते. एखादी आज्ञा दिवसातून किती वेळा वापरली गेली हे मोजता येते. ती न सापडल्याने त्या दिवशी कोणाचे काम अडले असते हे त्या मोजणीत येत नाही. वर्षअखेरीस एकदाच लागणारा मार्ग हा त्या एका दिवशी रोजच्या वापरातल्या मार्गाइतकाच आवश्यक असतो. शिवाय अशी संमती कोण देतो आणि कोण देत नाही हाही प्रश्न होताच. ज्या मोठ्या कार्यालयांत, बँकांत व शासकीय खात्यांत संगणकाची सर्व व्यवस्था एका नियंत्रकाच्या हाती असते, तेथील माणसांच्या सवयींचे प्रतिबिंब अशा आकडेवारीत पुरेसे पडत असेल असे मानणे कठीण आहे.

आपल्याकडील शेतकऱ्याला या अन्यायाचे स्वरूप फोड करून सांगावे लागणार नाही. एखाद्याच्या मालकीच्या जमिनीतून शेजाऱ्याची बैलगाडी वर्षानुवर्षे उघडपणे, विनाअडथळा जात असेल, तर जमीन मालकाचीच राहूनही त्या वाटेवर जाणाऱ्याचा हक्क निर्माण होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्यासाठी २० वर्षांची मुदत घातलेली आहे, आणि वाट अडवली गेल्यास ती मोकळी करून मागण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागण्याची तरतूद आहे. संगणक-प्रणालीची मालकी तिच्या निर्मात्याची, हे कोणी नाकारत नाही. पण १७ वर्षे ज्या वाटेने कोट्यवधी माणसे रोज गेली, ज्या वाटेवरून चालण्याचे शिक्षण शासनमान्य वर्गांतून दिले गेले, ती वाट एका रात्रीत बुजवताना त्या माणसांच्या वहिवाटीचा काही विचार व्हावयास नको होता काय? कायद्याने असा हक्क संगणकावर चालत नाही. नीतीने तो चालतो, असे माझे निश्चित मत आहे, आणि या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

यथावकाश माघार झाली. १७ ऑक्टोबर २०१३ च्या ‘विंडोज ८.१’ मध्ये बटण परत आले, पण त्यामागचा मेनू आला नाही. तो येण्यास २९ जुलै २०१५ ची ‘विंडोज १०’ उजाडावी लागली.

साधेपणाला माझा विरोध आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. संगणक साधा करण्याची सर्वांत यशस्वी मोहीम २४ जानेवारी १९८४ रोजी विक्रीस आलेल्या मॅकिंटॉशने चालवली होती, आणि तिच्या माउसला तर एकच बटण होते. पण तिच्या रचनेत एक फार थोर तत्त्व होते. पडद्याच्या माथ्यावर शब्दांची एक ओळ असे. प्रत्येक शब्दाखाली त्या वर्गातील आज्ञांची यादी उघडे. जी आज्ञा त्या घटकेस लागू नसेल ती यादीतून काढून न टाकता मंद अक्षरांत दाखवली जाई, जेणेकरून अशी आज्ञा अस्तित्वात आहे एवढे तरी शिकणाऱ्याला कळावे. आणि आज्ञेच्या समोर कळफलकावरून ती देण्याची जवळची वाट छापलेली असे. म्हणजे मेनू हा एकाच वेळी काम करून देणाराही होता आणि शिकवणाराही. पहिल्या दिवशी माणूस यादी वाचून काम करी, सहा महिन्यांनी तेच काम कळा दाबून करी, आणि या प्रवासात त्याला कोणाकडे विचारावयास जावे लागत नसे. झेरॉक्सच्या संशोधनशाळेत व पुढे ॲपलमध्ये काम केलेले, कापून चिकटवण्याच्या आज्ञांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते लॅरी टेस्लर असे मांडीत की प्रत्येक कामात जटिलतेचा काही अंश अटळ असतो. तो नाहीसा करता येत नाही, तो निर्मात्याने सोसावयाचा की वापरणाऱ्याने, एवढाच प्रश्न उरतो. जुन्या मॅकिंटॉशच्या कर्त्यांनी तो भार बव्हंशी स्वतःवर घेतला. २०११ नंतरच्या सुलभीकरणाने पडदा मोकळा केला आणि भार वापरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर टाकला: कोणत्या कोपऱ्यात माउस न्यावयाचा, कोणती कळ दाबून धरावयाची, किती बोटांनी काच सारावयाची, हे आता त्याने पाठ करावे.

मेनूतील शब्द जाऊन त्यांच्या जागी चिन्हे आली, या बदलाचा मराठी माणसाशी थेट संबंध आहे. आज जिकडेतिकडे दिसणारे तीन आडव्या रेघांचे चिन्ह मुळात नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या ‘झेरॉक्स स्टार’ या संगणकासाठी रेखाटलेले. ते अनेक वर्षे विस्मृतीत राहिले आणि मोबाइलच्या लहान पडद्याबरोबर पुन्हा उदयास आले. मोबाइलवर जागा नसते, म्हणून तेथे शब्द एका चिन्हामागे ठेवणे समजण्यासारखे आहे. परंतु टेबलावरील संगणकाच्या रुंद पडद्यावरील मोकळ्या जागेतही ग्नोमच्या प्रोग्रॅममधून ‘फाइल’, ‘संपादन’, ‘दृश्य’ अशी शब्दांची ओळ हळूहळू हद्दपार झाली, आणि त्यांच्या जागी त्या तीन रेघा आल्या. ग्नोमच्या मराठी अनुवादाचे मोठे काम पुण्यात झालेले आहे. रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातील कचेरीत भारतीय भाषांसाठी अनुवाद करणारे व ‘लोहित’ या मुक्त टंकांवर परिश्रम घेणारे लोक होते, आणि त्यांच्या श्रमांमुळे मराठी माणसास आपल्याच भाषेत आज्ञा देता येईल असा पडदा उपलब्ध झाला होता. ज्या मुलाला अगर वृद्धाला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी मराठीतील मेनू हा संगणकावर पाठ्यपुस्तकासारखा उपयोगी पडणारा भाग होता. चिन्हाचा अनुवाद होत नाही. तीन रेघांमागे काय आहे हे मराठीत लिहिलेले असले, तरी ते उघडून पाहावे अशी सूचना त्या रेघा कोणत्याच भाषेत करीत नाहीत.

लपवण्याने केवळ गैरसोय होते असे मानणाऱ्यांनी ४ मे २००० हा दिवस आठवावा. ‘विंडोज ९५’ पासून फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे ती फाइल कोणत्या जातीची आहे हे सांगणारी बिंदूनंतरची अक्षरे, सामान्य माणसाला गोंधळात टाकू नयेत म्हणून अदृश्य ठेवण्यात येऊ लागली. फिलिपाइन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने नेमका याच सोयीचा फायदा घेतला. टपालातून आलेल्या त्या फाइलीच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि शेवटी ‘व्हीबीएस’ अशी दोन पुच्छे होती. दुसरे दडवले गेल्यामुळे प्रेमपत्राचा निरुपद्रवी मजकूर म्हणून लोकांनी तो प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने चालवला. थोड्याच दिवसांत लक्षावधी संगणकांना त्याची बाधा झाली, आणि ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली टपालव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. ज्याला संपूर्ण नाव दिसले असते त्याला निदान शंका घेण्याची संधी मिळाली असती. ही व्यवस्था विंडोजच्या आजच्या आवृत्तीतही मूळच्या स्वरूपात तशीच चालू आहे.

ग्नोमच्या बाबतीत मात्र लोकांनी दाद मागितली आणि ती मिळवलीही, ही कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९९७ साली मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोतील दोघांनी ग्नोमचा पाया घातला तो तिचा मूळ आराखडा सर्वांना खुला ठेवून. कोणीही तो घ्यावा, बदलावा आणि पुन्हा वाटावा, अशी सनद त्या कामास पहिल्या दिवसापासून जोडलेली आहे. तिसऱ्या आवृत्तीविरुद्ध ओरड झाली तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी २०११ च्या ऑगस्टात तिची जाहीर निर्भर्त्सना करून काही काळ दुसऱ्या प्रणालीचा आश्रय घेतला. पण निषेधापेक्षा मोलाचे काम आर्जेंटिनातील एका साध्या वापरकर्त्याने केले: त्याने ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीचा सोडून दिलेला आराखडा उचलला, त्यास दक्षिण अमेरिकेतील एका लोकप्रिय पेयावरून ‘माते’ असे नाव दिले आणि तो जिवंत ठेवण्याचा वसा घेतला. लवकरच त्याला जगभरातून सहकारी मिळाले. लिनक्स मिंट या गटाने नव्या पायावर जुन्या वळणाची ‘सिनॅमन’ ही वेगळी रचना उभी केली. पुढे जून २०१४ मध्ये रेड हॅटने मोठ्या आस्थापनांसाठी आपली सातवी आवृत्ती आणली, तेव्हा तीत ग्नोमचे जुन्या धाटणीचे रूपच आरंभीचे म्हणून ठेवण्यात आले. ग्नोमच्या कामावर सर्वाधिक वेतन खर्च करणाऱ्या संस्थांत जिची गणना होते त्या कंपनीलाही, पैसे मोजणाऱ्या ग्राहकापुढे जाताना खालची पट्टी व प्रोग्रॅमची यादी परत आणावी लागली, याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी? आणि उबुंटूने तर एप्रिल २०१७ मध्ये युनिटीचाच त्याग जाहीर केला. येथे हक्क शाबूत राहिला तो केवळ मूळ सनद खुली होती म्हणून. विंडोज वा मॅक वापरणाऱ्याला निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याखेरीज मार्ग नसतो.

५ ऑक्टोबर २०२१ ची ‘विंडोज ११’ पाहिली की दहा वर्षांपूर्वीचा धडा किती अपुरा घेतला गेला हे ध्यानी येते. तळपट्टी बाजूला वा वर नेण्याची मुभा, जी १९९५ पासून होती, ती या आवृत्तीत काढून घेण्यात आली. उजव्या कळीने उघडणारा मेनू आखूड करून नेहमीच्या आज्ञा आणखी एका पायरीमागे सारण्यात आल्या. एकाच प्रोग्रॅममध्ये उघडलेल्या फाइलींची नावे तळपट्टीवर वेगवेगळी दिसण्याची सोय गेली आणि ती परत मिळण्यास २०२३ साल उजाडले. घरगुती आवृत्तीचा संगणक नव्याने सुरू करताना इंटरनेटची जोडणी आणि कंपनीकडे उघडलेले खाते मागितले जाते. विकत घेतलेल्या वस्तूचा प्रथम वापर करण्याआधीच मालकाने आपली नोंद दुसऱ्याच्या दप्तरी करावी, हा त्याचा अर्थ.

आपण हातात धरला आहे तो दिवाळी अंक ज्या हातांनी जुळवला जातो त्यांना या बदलांची झळ कशी लागते हे समजून घेण्यासाठी मी पुण्याच्या मध्यवस्तीतील अशा एका कार्यालयात काही वेळ घालवला. भाद्रपद संपत आला होता. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंच्या पडद्यावर कथा, लेख, जाहिराती आणि अनुक्रमणिका अशा अनेक फाइली एकाच वेळी उघड्या होत्या, आणि तळपट्टीवरील त्यांची नावे वाचत त्या एकीवरून दुसरीवर इतक्या सहजतेने जात होत्या की मध्ये क्षणाचाही खंड पडत नव्हता. उजव्या टोकाला एक लहानसे चिन्ह होते. कळफलक या घटकेस मराठी आहे की इंग्रजी हे ते सांगे, आणि दर ओळीला त्यांची नजर तेथे एकवार जाऊन येई. शेजारी एक नवा कोरा संगणक झाकून ठेवलेला होता. त्याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, नवीन शिकायला आमची ना नाही. वीस वर्षांत काय कमी शिकलो? पण ऐन हंगामात त्याच्यावर बसले की ते मराठीचं चिन्ह कुठं आत जाऊन बसतं, फायलींची नावं दिसत नाहीत, आणि मग पान पुरं व्हायला दुप्पट वेळ जातो. तेवढा वेळ संपादक देतात का?” कार्यालयाचे मालक म्हणाले की नव्या संगणकावर काम हलवणे त्यांना भागच आहे, कारण जुन्या प्रणालीस आता सुरक्षेचे पाठबळ उरलेले नाही, दिवाळी झाली की ते त्या कामास लागणार होते. कुशल हाताचे मोल कमी करणारी गोष्ट कोणत्याही कारखान्यात प्रगती म्हणून खपली नसती. येथे मात्र ती खपते, कारण हा कुशल हात कोठे मोजला जात नाही.

मोबाइलने तर फाइल ही कल्पनाच दृष्टीआड केली. आयफोन २००७ साली आला. त्यावर मजकूर कापून चिकटवण्याची सोय २००९ पर्यंत नव्हती, आणि स्वतःच्या फाइली एका ठिकाणी पाहता येतील असे साधन ॲपलने २०१७ मध्ये दिले. या वातावरणात वाढलेली पिढी महाविद्यालयात पोहोचली तेव्हा, आपण लिहिलेली फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे हा प्रश्नच विद्यार्थ्यांना कळत नाही, असा अनुभव अमेरिकेतील विज्ञानाच्या अध्यापकांनी २०२१ साली जाहीरपणे मांडला. त्या मुलांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. त्यांना ती रचना कोणी कधी दाखवलीच नव्हती. ॲपलच्या जडणघडणीत ज्यांचा स्वतःचा वाटा होता त्या डॉन नॉर्मन व ब्रूस टॉग्नाझिनी यांनी २०१५ मध्येच या प्रवृत्तीवर कठोर लेख लिहिला होता: काय काय करता येते ते पडद्यावर पाहून समजावे आणि केलेली चूक सहज मागे घेता यावी, ही जुनी तत्त्वे देखणेपणाच्या मोहाने सोडून दिली गेली, असा त्यांचा आक्षेप होता. जो घर बांधणाऱ्यांपैकीच एक आहे त्याने घेतलेल्या आक्षेपाचे वजन अधिक असते.

स्मार्टफोनने आपल्या देशातील शेतमजुरालाही पैसे पाठवता येतील, भाव विचारता येतील, दूरच्या मुलाचा चेहरा पाहता येईल अशी व्यवस्था केली, आणि ती साध्या पडद्याविना झाली नसती. या उपकाराला कमी लेखणारा मनुष्य कृतघ्न ठरेल. पण ज्याला आज पैसे पाठवता येतात त्याच्या मुलीला उद्या पिकाचा हिशेब मांडावयाचा असेल, परवा एखादा अर्ज तयार करून त्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या नावांनी ठेवावयाच्या असतील. तिच्या वाढीला वाव देणारी पायरी त्याच पडद्यावर, तिच्या भाषेतील शब्दांत, तिला दिसली पाहिजे. ती पायरी काढून घेऊन तिला कायम पहिल्या दिवशीच्या जागी बसवून ठेवणारा साधेपणा मला अमान्य आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. शाळा, ग्रंथालय, पतसंस्था अगर कचेरी यांच्यासाठी संगणकांची खरेदी आपल्या सल्ल्याने होत असेल, तर किमतीबरोबर हेही लेखी विचारा की मराठी मेनू आहे काय, जुनी मांडणी किती वर्षे ठेवता येईल, आणि खाते न उघडता तो वापरता येईल काय. जेथे काम त्यावर भागते तेथे मुक्त प्रणालीचाही रीतसर विचार करा. घरच्या विंडोज संगणकावर फाइल एक्सप्लोरर उघडून ‘व्ह्यू’मधील ‘शो’ या यादीत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ समोर खूण करा, म्हणजे फाइलींची पूर्ण नावे दिसू लागतील. आणि येत्या सुटीत घरातील मुलाला शेजारी बसवून, त्याने लिहिलेली एक फाइल त्याने स्वतः दिलेल्या नावाने, त्याने स्वतः तयार केलेल्या फोल्डरमध्ये ठेवावयास आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या मदतीवाचून शोधून काढावयास शिकवा.